शून्याची काडी

केवेदोच्या करवतीवर मी बाल्सा कापतो.
पाच वर्षांचं झाड, नुकतं मिसरूड फुटल्यासारखं.
त्याचा ओंडका एकट्यानं खांद्यावर घेतला
की नवे ट्रकवाले म्हणतात, केवढा पैलवान!
जुने काही म्हणत नाहीत.

चांगलं लाकूड जहाजानं जातं,
परमुलखातल्या पवनचक्क्यांच्या पात्यांत बसतं.
आमच्या वाट्याला गाठीचं, तांबड्या गाभ्याचं,
आणि केसांत पांढरा भुसा.
आई म्हणते, निल्सोन, तू रोज म्हातारा होऊन घरी येतोस.

यादिरा, धाकटी, तंत्रशाळेत आहे.
"पूल करायचाय, कैचीचा. काड्या आण.
तीन मिलिमीटर चौकोनी, सगळ्या एका वजनाच्या."
एका वजनाच्या! लाकूड काय साच्यातून पडतं?
तरी चार संध्याकाळी टाकाऊच्या ढिगाशी बसलो.
एकेक काडी फरशीवर टाकून ऐकत गेलो:
टण् वाजली ती खिशात,
थप् वाजली ती चुलीत.

रात्री जेवणाच्या टेबलावर नकाशा,
टाचण्या, गोंद, ब्लेड,
आणि ताटं मांडीवर घेऊन जेवणारे आम्ही.
"ही काडी ताणात," ती म्हणाली, "दोरीसारखी. बारीक चालते.
ही दाबात. ही मोडण्याआधी
कूस बदलते. म्हणून जाड."
मग वरच्या दांड्याच्या मध्याला टेकलेल्या
उभ्या काडीवर बोट ठेवलं:
"हिच्यावर काहीच नाही. गणितात शून्य."
आणि ब्लेडनं तिला अलगद उडवलं.
अशा चार उडवल्या.
पूल अर्ध्या ग्रॅमनं हलका झाला.

ओसरीत झोळण्यातून ओल्मेदोमामा म्हणाला,
"शून्य? मग ती माझ्याकडे दे."

मामा तीन आठवड्यांसाठी आला होता,
नदीनं त्याची केळीची बाग नेली तेव्हा.
त्याला आठ वर्षं झाली.
तो काही कमवत नाही, काही उचलत नाही.
कुणी उशिरा आलं की अंधारातून विचारतो, "आलास?"
आणि उत्तर ऐकायच्या आत घोरतो.

शाळेच्या पटांगणात दोन बाकांमध्ये पूल ठेवला,
खाली बादली टांगली.
सेदेन्योबाई पेल्यानं वाळू ओतत होत्या,
बाजूची पोरं मोठ्यानं मोजत होती.
नवव्या किलोला वरचा दांडा
मध्येच फुगला, हळूच,
झोपेत कुणी वळावं तसा.
मग कड्.
यादिरा रडली नाही. गुडघ्यावर बसून
मोडलेल्या जागा पट्टीनं मोजत राहिली.
दांडा नेमका तिथं मोडला होता
जिथं उभी काडी असायला हवी होती.

"वजन घेत नव्हती," घरी येताना बसमध्ये ती म्हणाली,
"नुसती मध्ये उभी होती.
पण ती नाही म्हटल्यावर दांडा दुप्पट लांब झाला ना."
मला नीट कळलं नाही. मी मान हलवली.

मे महिन्यात मामा लेकीकडे मांताला गेला.
घर काही पडलं नाही.
फक्त आई भांडी आपटून ठेवायला लागली,
मी करवतीवरून उशिरा, अजून उशिरा यायला लागलो,
आणि दार उघडताना
माझा मीच थांबायचो, विचारलं जाण्यासाठी.

दुसरा पूल एकवीस ग्रॅमचा.
कोकोच्या वीसेक सुक्या बिया हातात घ्या, तेवढाच.
शून्याच्या चारही काड्या जागच्या जागी.
त्यानं एकोणीस किलो पेलले,
आणि मोडला तो खालच्या दांड्यात,
एका बारीक गाठीपाशी.
ती काडी मी निवडली होती. टण् वाजली होती.
यादिरानं तुकडा माझ्या हातावर ठेवला:
"गणित बरोबर होतं. तुझा कान चुकला."

मामा परत आलाय.
पहिल्या पुलातल्या उडवलेल्या चार काड्या
त्यानं जपून ठेवल्यात, आम्हाला ठाऊक नव्हतं.
एकीनं दात कोरतो.